मांगरातली स्पोर्ट्स कार आणि लेकीचं इंजिनिअरिंग

देवगडच्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. ते ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, पगार हातात ६२ हजार, घरची ७० हापूस कलमं. गोव्यात त्यांना सॅन स्टॉर्म नावाची एक स्पोर्ट्स कार मिळतेय. १९९९ची, दोन सीटची, उघड्या टपाची, ११ वर्षं जागेवरून हललेली नाही. मालक सव्वादोन लाख मागतो. घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, ती स्वतःच्या हाताने उभी करायची, दुसऱ्या गाडीचं १.६ लिटरचं इंजिन बसवायचं, रुंद टायर, लाल रंग. त्याला साडेचार लाख. पैसे कुठून, तर लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या म्युच्युअल फंडातले ५ लाख आणि वहिनींच्या दागिन्यांवर २ लाखांचं कर्ज. तयार झाली की १२ लाखांना सहज जाईल म्हणतात. "करू का?"

करा. पण या पैशांनी नको, आणि त्या इंजिनाने तर नकोच.

आधी ते १२ लाख डोक्यातून काढा. ही गाडी मुळात १,१४९ सीसीच्या रेनो इंजिनाची, साधारण ६० अश्वशक्तीची, फायबरच्या बॉडीची. फार थोड्या बनल्या, त्यामुळे रस्त्यात दिसली की लोक थांबून बघतात. थांबून बघणारे पुष्कळ असतात, पैसे मोजणारा एखादा, आणि तो मूळ इंजिनच मागतो. आयकरात घरच्या वापराच्या गाडीवर नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. इथे मला दुसरी शक्यता जास्त दिसते. म्हणजे हा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. हौसेचा खर्च करायला माझी हरकत नाही, फक्त तो हौसेच्या पैशातून व्हावा.

लेक आत्ता सहावीत आहे. ते ५ लाख ६ वर्षं तसेच राहिले आणि वर्षाला १० टक्के मिळाले असं धरलं (मिळतीलच असं नाही), तर ८ लाख ८५ हजारांच्या आसपास होतात. आज काढलेत तर तुम्ही लिहिलेल्या २ लाख २० हजारांच्या नफ्यातले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या ९५ हजारांवर साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे १२,३५० रुपये. कर किरकोळच आहे. पण बारावीच्या निकालाच्या दिवशी मांगरात अर्धवट गाडी आणि फंडात शून्य, हे किरकोळ नाही. दागिन्यांचं म्हणाल तर २ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला २० हजार व्याज. गेल्या वर्षी मोहोर गळून बागेतून जेमतेम ९० हजार सुटले, हे तुम्हीच लिहिलंय. तसं लागोपाठ दुसरं वर्ष आलं तर दागिने सुटायचे कधी?

आता इंजिन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हे स्पष्ट केलंय. परवानगीशिवाय इंजिन बदललं तर पासिंग अडेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळेल. व्हिंटेज म्हणून सवलत मिळेल का, असंही विचारलंय. त्याला ५० वर्षं लागतात, म्हणजे २०४९. त्यामुळे जुनंच इंजिन कोल्हापुरात उद्यमनगरात नेऊन उघडा. रिबोअर (झिजलेला सिलिंडर कोरून घेणं), हेड, वाल्व ही कामं तिथे डोळे मिटून होतात. भानगड रेनोच्या सुट्या भागांची आहे, म्हणून ते मिळतात का हे गाडी घेण्याआधीच विचारा.

बॉडी फायबरची म्हणून गंजाची भीती नाही, असं तुम्ही लिहिलंय. वरून खरं आहे. तडे गेले असतील तर बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा माणूस मॅट आणि रेझिन लावून चार दिवसांत भरून देईल, शहरातल्या गॅरेजपेक्षा स्वस्तात. पण खालचा सांगाडा, म्हणजे चासी, लोखंडी, आणि ११ वर्षं खारा वारा खाल्लेला. मी हा धडा वडिलांच्या पद्मिनी गाडीवर शिकलो. एका गॅरेजवाल्याच्या भरवशावर आधी रंग मारून घेतला, आणि पहिल्याच गणपतीत दाराच्या खालच्या कडेला तांदळाएवढे फोड उठले. नखाने दाबले तर आत तांबडी भुकटी. ४० हजार पाण्यात गेले.

दुसरं, वेळ. मोहोर-फवारण्या नोव्हेंबरपासून, तोड मार्च ते मे. तुम्हाला मोकळीक पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात रंगाचं काम होत नाही. प्राइमर ओल धरतो आणि त्याच्याखाली सांगाड्याचं लोखंड गंजत राहतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर इंजिन, ब्रेक, वायरिंग; रंगाला पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबरचे कोरडे दिवस. ३ वर्षं धरूनच चाला. या कामात पैसा बुडतो तो महागड्या भागांत नाही, अर्ध्यावर सोडलेल्या गाडीत. सुटी केलेली गाडी विकायला काढली की घेतली त्याच्या निम्मेही येत नाहीत.

म्हणून वेगळं खातं उघडा. पगारातून महिन्याला ८ हजार, आंब्याचा हिशोब झाल्यावर घरखर्च आणि लेकीची एसआयपी वजा जाता उरेल त्याचा निम्मा भाग. खात्यात असेल तेवढंच काम. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ३ लाखांच्या एफडीला हात लावू नका. पहिला खर्च चासी आणि ब्रेकचा. गाडी स्वतःच्या चाकांवर ढकलता आली की थांबून हिशोब करा. तोवर गाडीची किंमत सोडून दीड लाखाच्या वर गेला असाल तर तिथेच विकून मोकळे व्हा. रुंद टायर आणि लाल रंग तिसऱ्या वर्षी.

बघायला जाल तेव्हा एक जाडा स्क्रू ड्रायव्हर न्या आणि सीटखालच्या लोखंडात टोचून बघा. आत गेला तर चहा पिऊन परत या. नाही गेला, तर आरसी मागा. १९९९च्या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं २०१४लाच संपली. पुढे नूतनीकरण झालं नसेल तर उशिराचा दंड महिन्यांच्या हिशोबाने चढतो, आणि २० वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्कच आता १० हजार आहे. हे सगळं किमतीतून वजा करून दीड लाखापासून बोला. विसार १० हजारांच्या वर देऊ नका. बाकीची रक्कम गोव्याच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हातात पडल्यावर, आणि चासी नंबर कागदाशी स्वतः ताडून.