'ओळखत होतो' म्हणजे 'वॉज नोइंग' का नाही?

प्रश्न: नमस्कार सर, बेळगावजवळच्या खानापुरात माझं छोटं हार्डवेअरचं दुकान आहे. परवा बाहेरगावचं एक गिऱ्हाईक आलं, इंग्लिशमधून बोलत होतं, मी म्हटलं 'आय वॉज नोइंग युवर फादर', तर गल्ल्यावर बसलेली माझी पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची पोरगी फिसकन हसली. मराठीत 'ओळखत होतो' असंच म्हणतो की आपण, मग चुकलं कुठं? तिला विचारलं तर म्हणती चूक आहे एवढं माहीत आहे, का ते माहीत नाही.
एक वाचक, खानापूर

उत्तर: घोळ सगळा त्या 'त होतो'चा आहे हो. मराठीत 'जेवत होतो', 'रोज जात होतो', 'ओळखत होतो' तिन्हीला एकच साचा, पण इंग्लिशमधी पहिल्यालाच वॉज आणि आयएनजी लागतं. कन्नडातलं 'होगतिद्दे' पण तसंच, चालू काम आणि सवय दोन्हीला चालतं, त्यामुळं तिकडूनही मदत नाही.

पण आपल्या भागात एक सोय आहे, पुण्याकडं ती नाही. आपण म्हणतो ना, 'बाजारला जायला लागलो होतो, वाटेत हा भेटला', म्हणजे जाणं चालूच होतं. वाक्य मनात तसं फिरवून बघा. 'जेवायला लागलो होतो तेवढ्यात फोन आला' जमतंय, मग 'आय वॉज हॅविंग लंच' बिनधास्त म्हणा. 'माझ्याकडं सायकल असायला लागली होती' असं कोण म्हणतं? म्हणून तिथं 'आय हॅड अ सायकल', हॅविंग नाही, हॅव तेच पण जवळ असणं हे काही चालू काम नव्हे. 'ओळखायला लागलो होतो' म्हटलं तर अर्थच बदलतो, नुकती ओळख पटायला लागली होती असा. म्हणून नोइंग बाद.

आणि जिथं 'जायचो' बसतं, म्हणजे रोज पॅसेंजरनं बेळगावला जायचो, तिथं 'आय यूज्ड टू गो'. 'जाणार होतो पण राहिलं' असेल तर 'आय वॉज गोइंग टू गो', दोनदा गो आलं म्हणून बिचकू नका. वॉज-वेअरचं सोपं आहे, आय, ही, शी, इटला वॉज, आणि यू एकटा असला तरी वेअरच.

तुमचं वाक्य 'आय न्यू युवर फादर'. पण जरा जपून, न्यू म्हटलं की वडील गेले असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं, ते हयात असतील आणि ओळख दहा वर्षांची असेल तर 'आय हॅव नोन युवर फादर फॉर टेन इयर्स', तेव्हा आधी वडलांची खुशाली विचारा.