सातबाऱ्यावरचा पोटखराबा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झालीस, पुढे इकॉलॉजी आणि पर्यावरण व्यवस्थापन शिकायचंय, पुण्यात शिकू की डेहराडूनला की थेट परदेशात, आणि बाबा विचारतायत की यात नोकरी कुठे आहे. सगळ्याची उत्तरं देते, पण तू विचारलंस त्या क्रमानं नाही. तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस, माझं मन मात्र तिथेच अडकलं. 'आमच्या गावाच्या वर नुसता कातळ आहे, अभ्यास करण्यासारखं जवळपास काहीच नाही.'

हेच वाक्य मी एकदा सरकारी अहवालात लिहिलं होतं. ते आधी सांगते.

एमएस्सी झाल्यावर पहिली नोकरी एका सल्लागार कंपनीत लागली. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल ते सांगणारे अहवाल तयार करायचे, त्यातला वनस्पतींचा भाग माझ्याकडे. पहिलंच काम कोकणातल्या एका सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या सपाट उघड्या पठारावरचं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, हातात दोन दिवस. जांभ्याचा काळवंडलेला कातळ, बुटाच्या तळव्यातून लागणारे चटके, भेगांमध्ये वाळून पिवळं पडलेलं गवत, कडेला करवंदीची जाळी. जे दिसलं ते मी प्रामाणिकपणे टिपलं. यादी जेमतेम वीस नावांची झाली. अहवालात वाक्य गेलं: 'जमीन खडकाळ व ओसाड, उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत.' सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा म्हणून लागलेलीच होती, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आकारणीतून वगळलेली. माझा कागद आणि तलाठ्याचा कागद अगदी जुळला.

जुलैत दुसऱ्या कामासाठी त्याच बाजूला गेले. पाऊस थोडा थांबला म्हणून गाडी सड्यावर उभी केली आणि खाली उतरले. पहिल्यांदा वाटलं जागा चुकली. मग गुडघे टेकून बसले. कातळातल्या खळग्यात बोटभर पाणी, त्यात गेंदाची पांढरी बटणं दाटीनं उभी, आणि त्यांच्यामधून सीतेची आसवं, निळीजांभळी, नखाएवढी. सीतेच्या आसवांची ही चिमुकली झाडं मांसाहारी असतात हे पुस्तकात वाचलं होतं. का असतात ते तिथे बसल्यावर कळलं. कातळावर माती बोटभर, पावसानं धुतलेली, तिच्यात नत्र जवळजवळ नाही. मग झाडानं ते आणायचं कुठून? जमिनीखालच्या बारीक फुग्यांत पाण्यातले किडे ओढून घेऊन. शेजारी दवबिंदूची लाल चिकट पानं, त्यावर एक चिलट अजून धडपडत होतं. थोडं पुढे कोकण दिपकाडीचे सुकत आलेले दांडे. तिची पांढरी फुलं पहिल्या पावसाबरोबर येतात आणि थोड्याच दिवसांत संपतात, बाकीचे महिने कंद भेगेत पडून असतो. ही दिपकाडी मुख्यतः कोकण-गोव्याच्या पट्ट्यातच उगवते. एप्रिलमध्ये मी तिच्या कंदांवरूनच चालले होते.

परत येऊन वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, अहवाल सादर झालाय, नियमात बसतो. आणि तो बसतच होता. आपल्याकडे बऱ्याच प्रकारच्या प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. ज्या जमिनीचा सगळा जीव पावसाळ्यातच वर येतो तिला तपासायचा हंगाम पावसाळा सोडून! मी खोटं लिहिलं नव्हतं, पण त्या सड्याच्या बाबतीत माझं लिहिणं खोटंच ठरलं. ते अजून बोचतं, आणि हे पत्र एवढं लांबतंय ते त्याचमुळे.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं: प्रवेश कुठे घ्यायचा ते ठरायच्या आधी तुझ्या गावावरचा तो 'नुसता कातळ' बाराही महिने बघ. जमिनीच्या मालकाला विचारून मीटरभराचे दहा चौकोन आखून घे, कोपऱ्यांवर ऑइलपेंटचा ठिपका दे, आणि दर पंधरा दिवसांनी जा. कुठलं झाड आलं, कुठलं फुललं, खळग्यात पाणी किती बोटं, बेडकांची पिल्लं आहेत का. आंबोलीच्या कातळावर अंडी घालणारा एक भेक आहे, झँथोफ्रायनी टायग्रिना, त्याची शास्त्रीय नोंद 2009 सालची. पर्यटकांनी गजबजलेल्या आंबोलीत तो तोवर शास्त्राला माहीतच नव्हता. तुझ्या सड्यावर नवीन काही सापडेल असं मी म्हणत नाही. पण एक जागा पूर्ण वर्षभर पाहिलेला विद्यार्थी वर्गात बसतो तेव्हा त्याचे प्रश्नच वेगळे असतात. नाव कळलं नाही तर अडून राहू नको, फोटो आणि तारीख ठेव. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून बघता येतं.

आता संख्याशास्त्र. गणिताचा कंटाळा येतो असं तू लिहिलंयस. इथे मात्र मी ऐकणार नाही. एकाच सड्यावर टाकलेले तीस चौकोन म्हणजे तीस सडे नव्हेत. त्या तीस चौकोनांवरून 'चिऱ्यासाठी किंवा बागेसाठी फोडलेल्या सड्यापेक्षा न फोडलेल्या सड्यावर जाती जास्त' असं म्हणता येत नाही. त्यासाठी फोडलेले काही आणि न फोडलेले काही, असे वेगवेगळे सडे लागतात. हर्लबर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1984 साली नेमकी हीच चूक दाखवून दिली, आणि अजूनही निम्मे प्रबंध मला त्याच चुकीसह तपासायला मिळतात. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणक प्रणाली फुकट मिळते, नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट आहे. दोन्ही आजपासून सुरू कर, अभ्यासक्रमाची वाट बघू नको.

व्यवस्थापन हा शब्द मात्र मला जास्त विस्तारानं बोलावासा वाटतो, कारण वर्गात तो कायदे, परवाने आणि ऑडिट एवढ्यावर आटपतात. तुझं घर कशाचं आहे? चिऱ्याचं. तो चिरा कुठल्यातरी सड्यावरच्या चिरेखाणीतूनच आला. तुमच्याकडची हापूसची किती कलमं सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून सड्यावर उभी केलेली आहेत, ते काकांना विचार. त्यातल्या कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पोटखराब्यावर बाग उभी करणं हे पिढ्यानपिढ्यांचं कौतुकाचं काम आहे. पण आता असा क्षण आलाय की कुठला सडा फोडायचा, कुठला राखायचा आणि हे ठरवायचं कुणी, हे प्रश्न टाळता येत नाहीत. सह्याद्रीतल्या कासच्या पठाराला 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, ते बरंच झालं. खाली कोकणातले सडे मात्र बहुतेक खाजगी मालकीचे. तिथे कुंपण घालून चालत नाही, माणसांशी बोलावं लागतं.

आणि बोलायचं तर त्यांच्या प्रश्नापासून सुरुवात कर. गेंद आणि दिपकाडी किती दुर्मीळ हे सांगून गावकी हलणार नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. पण सड्याच्या उतारावरच्या विहिरीला मार्चमध्ये किती पाणी असतं हा त्यांचाच प्रश्न आहे. जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून मुरत जातो आणि उताराला झऱ्यांनी बाहेर येतो. वरचा सडा फोडलेल्या वाडीतल्या विहिरी आणि न फोडलेल्या वाडीतल्या विहिरी, दोन्हींची पातळी वर्षभर मोजली तर काय दिसेल? प्रबंधासाठी विषय सुचवा म्हणालीस, हा घे. साहित्य म्हणजे एक टेप आणि दोरी. विहिरी मात्र भरपूर घे, नाहीतर वर सांगितलेली चूक होईल.

मोजायला जाशील तेव्हा म्हाताऱ्या माणसांजवळ बस. चढणीचे मासे कुठल्या वहाळात, मृगाच्या कितव्या दिवशी चढायचे आणि कधीपासून चढेनासे झाले, हे ज्या आजोबांना आठवतं त्यांच्याजवळ तुझ्या प्रयोगशाळेत नसलेली साठ वर्षांची नोंदवही आहे. ती तपासून घे, पण आधी ऐकून घे. देवराईत जायचं तर गुरवाला विचारून, चपला बाहेर काढून. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा कुठे शास्त्राला कळलं की वनखात्याच्या कितीतरी आधीपासून गावं जंगल राखत होती.

पश्चिम घाट कसा राखायचा ते ठरवायला गाडगीळ समिती 2010 साली नेमली गेली, तिचा अहवाल 2011चा. कस्तुरीरंगन समितीचा 2013चा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाच. वर्तमानपत्रातले सारांश नकोत, मूळ अहवाल. एक म्हणतो की ग्रामसभेपासून सुरुवात करा, दुसरा उपग्रहाच्या नकाशावर नैसर्गिक भूभाग आणि माणसानं घडवलेला भूभाग वेगळे काढतो. वाचताना तुझा सडा वरून कसा दिसेल आणि कुठल्या महिन्यातल्या चित्रात कसा दिसेल, याचा विचार कर. माझं मत विचारशील तर मी पहिल्याच्या बाजूची आहे. ग्रामसभा नेहमी बरोबर ठरवते असं नाही, पण चुकली तर तिला तिथेच राहायचं असतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या आधी कित्येक वर्षं त्या गावात अभ्यासगट बसत होते. जमलं तर जाऊन ये.

शिवाय एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधीची एक तरी जनसुनावणी बघ. मागच्या बाकावर बस आणि फक्त ऐक. अहवालाचा मराठी सारांश तिथे मिळायला हवा, तो घे, वनस्पतींची यादी काढ आणि सर्वेक्षणाचे महिने तपास. दुसऱ्या जिल्ह्याची यादी जशीच्या तशी चिकटवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता कॉलेज. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र इथे क्षेत्रकाम कसून करून घेतात, जागा मोजक्या, प्रवेशासाठी चांगली तयारी लागते. पुणे विद्यापीठ किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथे पर्यावरणशास्त्रात पाणी-माती-हवेचं पृथक्करण आणि कायदा हाताखालून जातो, नोकरीत तो उपयोगी पडतो. कुठेही अर्ज करण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच विचार: प्रबंधासाठी सलग किती महिने बाहेर राहू देतात? पुढे संशोधन करायचं असेल तर गेट या परीक्षेत 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' असा स्वतंत्र पेपर आहे. परदेशाचं म्हणशील तर ब्रिटनमधली एमएस्सी बहुधा वर्षाची असते. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. बाग गहाण टाकून जाऊ नको, हे मी तुझ्या बाबांच्या वतीनं सांगते.

बाबांना खरं ते सांग. पहिली चार-पाच वर्षं कंत्राटी कामं, पगार बेताचा. सल्लागार कंपन्या, संस्था, वनखात्याचे प्रकल्प यांत कामं मिळतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2022-23पासून बाजारमूल्यात आघाडीच्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून कंपन्यांमध्येही माणसं लागतात. सल्लागार कंपनीत गेलीस तर त्याला कमीपणा मानू नको. तिथे 'या जागेला पावसाळ्यातला एक फेरा लागेल' असं लेखी मागणारं कुणीतरी हवंच आहे. मी तेव्हा मागितला नाही. तू मागशील.

पाऊस सुरू झाला की पहिल्या पंधरवड्याची नोंद मला पाठव, कशीही झाली तरी.

तुझी,
मावशी

ता. क. वहीत पेनानं लिहू नको, पावसात शाई फुटते. साधी पेन्सिल घे, दोऱ्यानं वहीला बांध. आणि सड्यावर शेवाळ धरतं, चप्पल घालून जाऊ नको.