थायरॉइड ‘जाळायचं’ म्हणतात तेव्हा

“ताई, मना पोऱ्याले काही व्हई तं नही ना?” अमळनेरकडच्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा बावीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीन सुचवलेलं आणि गावात कुणीतरी सांगितलं, ‘थायरॉइड जाळून टाकतात.’

डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावतं, हे पालकांना ठाऊक असतं. त्याचं काम वाढूही शकतं, बहुधा ग्रेव्हज आजारामुळे (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला चिथावते), हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. हा मुलगा ऐन थंडीत पंखा लावून झोपायचा, भरपूर जेवूनही वाळत चालला होता, रागाने ताट लोटायचा. घरच्यांना वाटलं, डोकं बिघडलं. रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) जवळजवळ नाहीच, टी-४ (थायरॉइड स्वतः बनवतं ते संप्रेरक) चढलेलं. थायरॉइडचं काम कमी करणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळीने आराम पडला, पण गोळी कमी केली की पुन्हा धडधड. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाला हे सोसणारं नव्हतं.

आईला मी सांगितलं, किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉइडच्या आजारात १९४१ पासून वापरतात. आयोडीन थायरॉइडच ओढून घेते, म्हणून परिणाम मुख्यतः तिथेच होतो. पुढे थायरॉइड बहुधा मंदावेल आणि रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, घ्यावी लागेल, जन्मभर. पण ती गोळी सांभाळायला कितीतरी सोपी.

खरी काळजी मला वेगळीच होती. हा मुलगा दिसेल त्याला मिठी मारणारा, आणि घरात वहिनी गरोदर. औषधानंतर अंगातून थोडे किरण बाहेर पडतात, म्हणून काही दिवस गरोदर बाई आणि लहान मुलांपासून लांब राहावं लागतं. वहिनी माहेरी गेली तर सगळं सोपं होतं, तेच ठरलं. तरी त्याला मी चित्रांचं कॅलेंडर करून दिलं: वेगळी खाट, वेगळं ताट, मिठीऐवजी लांबून रामराम. सराव आधीच सुरू केला. औषध त्याला घ्यायचं होतं, म्हणून समजावणंही त्यालाच. आईला सांगून भागत नाही. पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायलाही तो घरीच शिकला.

औषधानंतर काही महिन्यांत टीएसएच वाढलं, थायरॉक्सिन सुरू झालं. ताट लोटणं थांबलं.

ज्यांची मुलं अजून कार्बिमाझोलवर आहेत, त्यांनी एवढं जपावं: ताप आला किंवा घसा धरला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा, कारण या गोळीने क्वचित त्या घटतात. आपली मुलं ‘घसा दुखतो’ म्हणतीलच असं नाही. नुसती भाकरी बाजूला सारली, तरी आधी अंगाला हात लावून ताप बघा.