जुनी स्पोर्ट्स कार ठेवावी की विकावी? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाड्यांविषयीची पत्रे वाढतात, कारण गॅरेजवाल्यांची एस्टिमेटे याच सुमारास हातात पडतात. यंदाच्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्या पत्रातील मुद्दे इतरांनाही लागू पडणारे असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझी पोर्शे बॉक्स्टर (२.७ लिटर, मॅन्युअल) ऑगस्ट २००७ची आहे, मी ती नऊ वर्षांपूर्वी सेकंड-हँड घेतली. शिवाजी पार्कजवळ आमच्या इमारतीच्या आवारात ती कव्हर घालून उघड्यावर उभी असते आणि वर्षाला जेमतेम २,००० किलोमीटर चालते. क्लच, पुढचे सस्पेन्शन, चार टायर, छताचे कापड आणि संपूर्ण पेंटिंग मिळून गॅरेजने ६,४०,००० रुपये सांगितले आहेत. दलाल १४ लाख द्यायला तयार आहे. मुलगी म्हणते, "बाबा, विका आणि नवीन घ्या." काय करावे?

आपण एस्टिमेटची तुलना दलालाच्या भावाशी करत आहात, आणि "जवळजवळ निम्मी किंमत दुरुस्तीतच जाणार" या विचाराने आपली झोप उडाली आहे. ही तुलनाच चुकीची आहे. दुरुस्तीचा खर्च ताडून पाहायचा तो येत्या दोन वर्षांत नवी गाडी आपल्या खिशातून किती नेईल याच्याशी. विमा कंपन्या गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना जो घसारा धरतात त्यानुसार दुसऱ्या वर्षात गाडी २० टक्क्यांनी उतरलेली असते; म्हणजे ८० लाखांच्या गाडीचे १६ लाख त्या तक्त्यातच गेले. त्यावर वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर महाराष्ट्रात १३ टक्के रस्ताकर आहे, तो परत मिळत नाही. या हिशेबात आपले साडेसहा लाख मोठे दिसत नाहीत, अर्थात त्यांतून नेमके काय होणार हे नीट पाहिले तरच.

त्यासाठी एस्टिमेट तीन भागांत फोडून मागा. टायर आणि सस्पेन्शन हा जिवाशी संबंधित भाग आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात टायरच्या भिंतीवर "२३१७" हा आकडा स्पष्ट दिसतो. त्याचा अर्थ तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी कमी चालल्यामुळे नक्षी शाबूत आहे आणि म्हणून आपल्याला तो नवा वाटतो, परंतु रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. हे काम आजच करावे. क्लच घसरू लागला नसेल तर तो थांबू शकतो. संपूर्ण पेंटिंग मात्र मी एस्टिमेटमधून सरळ काढून टाकीन. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला समुद्राच्या इतक्या जवळ नवा रंग देणे म्हणजे पावसात भिंत रंगवण्यासारखे आहे.

छताविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मुंबईत या गाड्या इंजिनमुळे जेवढ्या बसतात त्याहून अधिक पाण्यामुळे बसतात, असा माझा अनुभव आहे. मऊ छताच्या कडेने येणारे पाणी खाली सोडण्यासाठी दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतात. आपल्या आवारात गुलमोहर असणार. त्याच्या पाकळ्या आणि चिंचोळी पाने त्या नळ्यांच्या तोंडाशी कुजून काळा लगदा होतो, पाणी तुंबते आणि आत उतरते. बॉक्स्टरच्या जुन्या मॉडेलांत इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, इलेक्ट्रॉनिक डबा आसनाखाली बसवलेला असे, आणि तो भिजला की गाडी चावीच ओळखेनाशी होई. नव्या छताला पैसे देण्याआधी आसनाखालचा गालिचा हाताने दाबून पाहा. तो ओलसर लागला, तर मासेमारीची जाड तंगूस नळीतून हळूहळू सरकवून लगदा बाहेर काढा आणि मग लोटाभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडते का ते पाहा. या कामाला कोणी पैसे मागितले तर मला कळवा.

इंजिनाबाबत आपण विचारलेले नाही, पण ठेवण्या-विकण्याचा खरा प्रश्न तिथेच आहे. २००६ ते २००८ या काळातील या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे आतल्या एका फिरत्या दांड्याचे, बेअरिंग आधीच्या गाड्यांपेक्षा मोठे आणि बळकट आहे. मात्र ते बदलायचे झाल्यास संपूर्ण इंजिन खोलावे लागते. म्हणून पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी आपण स्वतः गॅरेजमध्ये उभे राहावे, जुन्या फिल्टरचा कागद घडी-घडी उलगडून घ्यावा आणि उन्हात धरावा. त्यात झिजेचे चकाकणारे धातूचे कण दिसले तर दुरुस्तीत एक रुपयाही न घालता, खरेदीदाराला ते सांगून, गाडी विकावी. कागद नुसता काळा असेल तर गाडी ठेवावी.

एक तारीख मात्र लिहून ठेवा. आपली नोंदणी २०२२ साली पाच वर्षांसाठी नूतनीकृत झाली असेल, तर ती ऑगस्ट २०२७मध्ये संपेल. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या, आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ८०,००० रुपये झाले आहे. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो, उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये अधिक पडतात, आणि आरटीओत गाडी पासिंगला न्यावी लागते. तेव्हा आज टायर, सस्पेन्शन आणि पाण्याचा बंदोबस्त एवढेच करून दोन पावसाळे काढा, आणि पासिंगच्या आधी हा प्रश्न पुन्हा विचारा. मुलीला एकदा त्या गाडीतून किनारी मार्गाने घेऊन जा. सरळ रस्त्यावर ताशी ८० आणि बोगद्यात ६० ही मर्यादा पाळूनही त्या गाडीत काय आहे ते कळते.

प्रश्न : माझ्याकडे २००२ची फियाट पालिओ १.६ आहे आणि मी मुलुंडहून रोज तिनेच कामावर जातो, मुलांनाही शाळेत सोडतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन खराब होईल का? शोरूमवाले एक्स्चेंज बोनस देतात. गाडी भंगारात द्यावी का?

पालिओ १.६ला स्पोर्ट्स कार म्हटल्यावर काही वाचक हसतील, पण शंभर अश्वशक्तीची ही हॅचबॅक आपल्याच कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवली जात होती आणि तिने त्या काळी दुप्पट किमतीच्या सेडानांना घाम फोडला होता. (तिची जाहिरात करणाऱ्या सचिन तेंडुलकरांना फियाटने २००२ साली फेरारी ३६० मोडेना भेट दिली होती. तीही त्यांनी २०११ साली सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली, तेव्हा विकण्यात कमीपणा मानू नये.)

इथेनॉलमुळे इंजिन एका रात्रीत बसत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींच्या मायलेजमध्ये सहा ते सात टक्के घट धरली आहे. खरी काळजी रबराची आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते किंवा त्यांना भेगा पाडते. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बसवून घ्या, आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका.

तरीही आपल्याला मी गाडी बदला असेच सांगेन, आणि त्याचे कारण इथेनॉल नव्हे. रोज मुलांना घेऊन जाणारी गाडी आजच्या धडक-चाचण्यांतून गेलेली असावी. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही अशा चाचण्यांवरून गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी योजना सुरू आहे, ते तारे पाहून निवड करा. शिवाय रोजच्या वापरातील गाडीचा एखादा सेन्सर मिळेना म्हणून ती पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर तिच्यावरची माया फार लवकर आटते.

भंगारात मात्र देऊ नका. नोंदणीकृत भंगार केंद्रातील प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरावे, असे केंद्राचे धोरण आहे. पण चालू स्थितीतील १.६ला हौशी लोक, निदान सुट्या भागांसाठी तरी, त्याहून बरा भाव देतात. शोरूमवाल्याचा आकडा, केंद्राचा आकडा आणि हौशी गिऱ्हाइकाचा आकडा, हे तिन्ही कागदावर घेऊन मग ठरवा. विकताना फॉर्म २९ व ३० भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करा. नाव बदलले नाही आणि त्या गाडीने अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

प्रश्न : सायन-पनवेल मार्गावर माझी २०१२ची ऑडी टीटी पुढच्या टेम्पोवर आदळली. बंपर, बॉनेट, दोन्ही हेडलाइट आणि रेडिएटर गेले. मी आणि इंजिन सुखरूप आहोत. आयडीव्ही १२ लाख आहे, वर्कशॉपचे एस्टिमेट ९,६०,००० आहे आणि विमा कंपनी "टोटल लॉस" म्हणते. चालती गाडी टोटल लॉस कशी?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरली जाते. आपल्या बाबतीत ती रेषा नऊ लाखांवर आहे आणि आपण ती साठ हजारांनी ओलांडली आहे. पाच वर्षांपुढील गाडीचा आयडीव्ही तक्त्याने ठरत नाही, तो आपण आणि कंपनी मिळून ठरवतो. बहुतेक जण तिथे हप्ता वाचवण्यासाठी आकडा खाली आणतात आणि आपणही तेच केले असावे, असे आपल्या पत्रावरून दिसते.

एस्टिमेट हा अखेरचा शब्द नसतो. दुसऱ्या गॅरेजचे एस्टिमेट घ्या आणि चांगल्या स्थितीतील वापरलेला एक हेडलाइट चालेल का, असे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला लेखी विचारा. आकडा नऊ लाखांच्या आत आला तर दावा दुरुस्तीचा होतो. त्यात प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जाईल, ती रक्कम आपल्या खिशातून जाईल. अशा वेळी मी भावना बाजूला ठेवून दोन रकमा शेजारी लिहितो: टोटल लॉस घेतल्यास हाती येणारे पैसे आणि दुरुस्त गाडी बाजारात जेवढ्याला जाईल तो भाव. पुढून असा मार खाल्लेल्या गाडीचा भाव उतरतो, त्यामुळे पहिली रक्कम मोठी असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असल्यास पैसे घ्यावेत.

प्रश्न : गोरेगावची आमची सोसायटी पुनर्विकासाला जात आहे. माझी बुटकी दोन आसनी गाडी तीन वर्षे कुठे ठेवू?

नव्या इमारतीच्या नकाशावर आपल्या वाट्याला कोणते पार्किंग आले आहे ते आधी पाहा. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवण्याची सोय, असेल तर त्या लोखंडी पाट्याची रुंदी, चढाचा कोन आणि आपल्या गाडीच्या पोटाखालील अंतर मोजून घ्या. पुठ्ठ्याची पट्टी कापून मोजले तरी चालते. पाट्यावर चढताना गाडीचा पुढचा ओठ घासणार असेल, किंवा वाट्याला खड्ड्यातला खालचा मजला आला असेल, जिथे जुलैत पाणी भरते, तर तीन वर्षे भाड्याच्या गोदामात गाडी जपून शेवटी तिला घरात जागाच नसेल. मग ती आजच, चालत्या स्थितीत, विकलेली बरी. जागा योग्य असेल तर ठेवा, पण महिन्यातून दोनदा इंजिन नुसते चालू करून बंद करू नका, अर्धा तास रस्त्यावर फिरवा. नाहीतर सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो.

प्रश्न : माझी २००१ची सॅन स्टॉर्म विंटेज म्हणून नोंदवता येईल का? म्हणजे ती विकण्याचा विचार सोडून देतो.

नाही. २०२१च्या नियमांनुसार विंटेजसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते, आणि तशी नोंदणी झाली तरी ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याला तोवर नेहमीच्या नूतनीकरणानेच जावे लागेल. या गाडीची बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे वरून ती वर्षानुवर्षे तकतकीत दिसते, म्हणून वरून पाहून काही ठरवू नका. गाडी लिफ्टवर घ्या, खालच्या पोलादी सांगाड्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. जिथे खणखणीत आवाजाऐवजी बोदा आवाज येईल, तिथे खडूने खूण करा आणि त्या खुणा मोजून मला पुन्हा लिहा.