गिरणा नदीतल्या दगडाखालचे किडे बघून पाणी स्वच्छ आहे का ते कळतं?

बऱ्यापैकी कळतं. वाहत्या, उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड उचला आणि उलटा करा. चपटं अंग, शेपटीला बहुधा तीन धागे, पोटाच्या कडांना सतत हलणारे कल्ले असतील तर ती मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं. त्यांतल्या बहुतेकांना ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून ती दिसली की जीव भांड्यात पडतो. वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या (हाही एक उडता किडा) अळ्या सापडल्या तर उत्तमच.

काळ्या गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर वरच्या अंगाला सांडपाणी मिसळतंय असं समजा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही त्यांचं भागतं. चार-दोन मात्र स्वच्छ पाण्यातही असतात. बघायचं ते इतकंच की बाकीचे किती प्रकार सोबत आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक पद्धत याच धर्तीची आहे: किड्यांची कुळं प्रदूषण किती सहन करतात त्यावरून ० ते १० गुण, किती प्रकार सापडले त्या विविधतेचे ० ते १.

खान्देशात खरी गोम वेगळीच. गिरणा, पांझरा उन्हाळ्यात डबक्यांवर येतात आणि वाळूउपशाने तळच खरवडला जातो. तिथे किडे नाहीत म्हणून पाणी घाण, असं म्हणता येत नाही. पावसाळ्यानंतर, पाणी निवळलं की बघा. पिण्यासाठी विचारत असाल तर किडे सोडा, प्रयोगशाळेत जिवाणू तपासून घ्या.