‘सरळ उभं राहा’ सांगून रेसिडेंट सरळ उभे राहत नाहीत

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या रेसिडेंटना, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांना, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहण्याची योग्य पद्धत शिकवायला तुम्ही तासाभराचं लेक्चर घेतलं, मणक्याची चित्रं दाखवली, आणि दोन आठवड्यांत सगळे पुन्हा टेबलावर वाकलेले दिसले. आता काय करावं?

माझं मत आधीच सांगते. रेसिडेंट वाकतो कारण टेबल दुसऱ्याच्या उंचीला लावलेलं असतं, मॉनिटर भलतीकडे असतो, आणि ‘टेबल जरा वर घेऊ या का?’ हे विचारायची त्याला सोय नसते. त्याची पाठ सुधारायच्या मागे लागू नका. ओटी लावायला शिकवा आणि तोंड उघडायची मुभा द्या.

हे मी पोटतिडकीनं लिहिते आहे, कारण उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मला स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करायला लागून अकरा वर्षं झाली होती. मानेतली डिस्क सरकली होती. माझ्या अख्ख्या प्रशिक्षणात टेबलाची उंची मला जमते आहे का, हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्यासारखे खूप आहेत. ‘जामा सर्जरी’मध्ये 2018 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आले: सर्जन आणि इंटरव्हेन्शन करणाऱ्या डॉक्टरांत मानेच्या मणक्याची झीज सुमारे 17 टक्के, रोटेटर कफचा (खांद्याच्या स्नायूबंधांचा) त्रास 18, कंबरेच्या मणक्याची झीज 19 आणि कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं) 9 टक्के.

सुरुवात फोटोपासून करा. केस चालू असताना रेसिडेंटचा बाजूनं एक फोटो काढा, पेशंट चौकटीत अजिबात येणार नाही असा. संध्याकाळी तो त्यालाच दाखवा. माझा एक उंच रेसिडेंट थायरॉइडच्या केसला रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं उपकरण) धरून उभा होता. टेबल माझ्या कोपराला लावलेलं, आणि मी चांगलीच बुटकी. फोटोत त्याची हनुवटी छातीला टेकायला आली होती, डावा खांदा कानाजवळ गेला होता. तो म्हणाला, ‘मॅडम, मला वाटलं मी सरळच उभा होतो.’ माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते जितकं पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा भार वाढतो, आणि असिस्ट करणारा तर तासन्‌तास हलतही नाही. त्या दिवसापासून टेबल सगळ्यात उंच माणसाला लावायचं आणि बाकीच्यांनी पायरी घ्यायची, हा आमच्याकडे नियम झाला. पायरी मी घेते.

पायरी मात्र रुंद हवी. दोन्ही पाय आणि कॉटरीचं (विजेनं ऊती कापायच्या-जाळायच्या उपकरणाचं) पेडल तिच्यावर मावायला हवं. पेडल खाली जमिनीवर राहिलं की एक पाय अधांतरी लोंबतो, सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं आणि कंबर तिरकी होते. हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे वर असतात.

ओपन सर्जरीत हात जिथे काम करतात ती जागा कोपराच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी. बारीक काम असेल तर जरा वर चालते. लॅपमध्ये, म्हणजे छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्यानं केलेल्या लॅपरोस्कोपीत, मात्र हिशेब बदलतो. गॅसनं पोट वर येतं, उपकरणं लांब असतात, त्यामुळे मुठी पोटाच्या बऱ्याच वर राहतात. टेबल ओपनच्या उंचीला ठेवलं तर खांदे उचलून, कोपर पंखासारखे पसरून काम करावं लागतं. म्हणून टेबल खाली न्यायचं, इतकं की मूठ कोपराच्या पातळीला येईल. मॉनिटर समोर, तुमच्या आणि ऑपरेशनच्या जागेच्या सरळ रेषेत, आणि नजर 15 ते 25 अंश खाली जाईल असा. आधीच्या केसला मॉनिटर जिथे होता तिथेच राहणं हा सगळीकडचा रोग आहे. कॅमेरा धरणाऱ्याला त्याच्या समोर वेगळा मॉनिटर द्या, नाहीतर त्याची मान पूर्ण केसभर वळलेली राहते.

लूप्सबद्दल, म्हणजे चष्म्यावरच्या भिंगांबद्दल, एवढंच: दुसऱ्याचे जुने लूप्स वापरू देऊ नका. भिंगाचा खाली झुकलेला कोन ज्याचा त्याला जुळावा लागतो. माप खुर्चीत बसून देऊ नये, योग्य उंचीच्या टेबलाशी काम करतो तसं उभं राहून द्यावं. मान 20-25 अंशांपेक्षा जास्त वाकत असेल तर ते लूप्स चुकलेच.

लहान हातांचा विषय सहसा कुणी काढत नाही, मी काढते. माझा ग्लव्ह 6 नंबरचा. साडेसहा किंवा त्याखालचा ग्लव्ह असणाऱ्यांना लॅपची उपकरणं, विशेषतः स्टेपलर (आतडं वगैरे पिना मारून जोडायचं उपकरण), जास्त जड जातात हे अभ्यासांत दिसलं आहे. मुलीनं स्टेपलर दोन्ही हातांनी दाबला तर तिला टोकू नका. आणि उपकरणाच्या मुठीच्या रिंगमध्ये अंगठा खोलवर खुपसायचा नाही, फक्त पेर आत ठेवायचं, हे पहिल्याच दिवशी दाखवा. अंगठ्याची नस दाबली जाऊन बधिरपणा येतो.

विश्रांतीबद्दल 2017 चा एक अभ्यास आहे: दर 20 ते 40 मिनिटांनी दीड ते दोन मिनिटं, स्टराइल राहूनच (गाऊन-ग्लव्ह न काढता), मान-खांदे ताणायचे. दुखणं कमी झालं आणि ऑपरेशनचा वेळ वाढला नाही. पण आठवण कोण करणार? रेसिडेंट बोलत नाही, सर्जन विसरतो. आमच्याकडे फ्लोअरवरच्या सिस्टर घड्याळ लावतात आणि मोठ्यानं ‘मान!’ म्हणतात. रक्तस्राव चालू असेल तर थांबतात, पण नंतर सोडत नाहीत.

बॉक्स ट्रेनरचंही, म्हणजे लॅपचा सराव करायच्या पेटीचंही, बघा. तो कुठल्यातरी टेबलावर ठेवलेला असतो आणि मुलं शेकडो गाठी चुकीच्या उंचीवर मारून सवय पक्की करतात. उंची बदलता येणारं टेबल तिथे आधी हवं. फोटो बघून त्यांनाच एकमेकांचे ‘रूला’चे (शरीराची ठेवण मोजायच्या पद्धतीचे) गुण काढू द्या. 1993 ची ही पद्धत, 1 ते 7 गुण, जितके जास्त तितकं वाईट. अर्ध्या तासात शिकतात, आणि मग ओटीत एकमेकांना खुणावतात.

आता मुभेचं. टाइम-आउटच्या वेळी, म्हणजे ऑपरेशन सुरू करण्याआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हा, मी शेवटी विचारते, ‘टेबल, मॉनिटर, पेडल, कुणाला अडचण?’ आणि उत्तर सगळ्यात ज्युनियरपासून घेते. पहिले काही आठवडे सगळे ‘नाही मॅडम’ म्हणाले. मग एका फर्स्ट इयरच्या मुलीनं मध्येच सांगितलं, ‘मॅडम, मला अजून एक पायरी लागेल.’ मी सिस्टिक डक्टपाशी (पित्ताशयाच्या नळीपाशी) होते. क्लिप लावली, हात थांबवले, पायरी येऊन ती नीट उभी राहीपर्यंत वाट पाहिली. अर्धं मिनिट गेलं असेल. त्यानंतर मुलं आपणहून बोलू लागली.

ज्यांना आधीच त्रास आहे त्यांच्यासाठी: हाताला मुंग्या, रात्री दुखण्यानं जाग येणं, वस्तू हातातून निसटणं यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात तपासून घ्यायला पाठवा, आणि त्या दिवशीच्या ड्युटीची सोय तुम्ही करा. ती त्याच्यावर सोडली तर तो जाणार नाही.