गृहीतक सिद्ध झालं नाही, आता पीएचडीचं काय?

कॉमर्स आणि मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा प्रबंध सादर करण्याच्या आधीच्या काही महिन्यांत. झोप उडालेली असते, घरात चिडचिड वाढलेली असते आणि बोलता बोलता एक प्रश्न हमखास निघतो. "माझं हायपोथेसिस सिद्धच झालं नाही. मग इतकी वर्षं वाया गेली का?" समुपदेशनाकडे वळण्याआधी मी स्वतः कॉमर्स शिकवत होते, त्यामुळे या प्रश्नामागची धास्ती मला परकी नाही. आज एका प्राध्यापिकेचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अकाउंटन्सी शिकवतात. वय चाळिशीपुढचं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी बारावीला. पीएचडीचं चौथं वर्ष. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच, म्हणून नोकरी आणि घर सांभाळून त्या यात उतरल्या होत्या. विषय होता ग्रामीण पतसंस्थांमधलं अंतर्गत लेखापरीक्षण आणि कर्जाची थकबाकी. ज्या पतसंस्थांमध्ये नियमित अंतर्गत लेखापरीक्षण होतं, तिथे थकबाकीचं प्रमाण कमी असतं, असं त्यांचं गृहीतक होतं. ऐकणाऱ्या कुणालाही पटेल असंच. आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीतही, त्यावर कुणी फारसं विचारलं नव्हतं.

माहिती गोळा करायला त्यांनी दोन उन्हाळी सुट्ट्या घातल्या. बाजाराच्या दिवशी पतसंस्थेत पाय ठेवायला जागा नसते. पिग्मी एजंट भरणा करायला रांगेत उभे आणि सचिव म्हणणार, "मॅडम, आज जमणार नाही, पुढच्या आठवड्यात या." अशा चकरा मारून त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या, ताळेबंद मिळवले. आणि विश्लेषणाचा कागद हातात आला तेव्हा दोन्ही गटांच्या थकबाकीत म्हणावा असा फरकच नव्हता. पी-व्हॅल्यू ०.४१. म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ४१ टक्के; निकाल लक्षणीय मानायला ती सहसा ०.०५च्या खाली लागते. पहिल्या भेटीत त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, त्यावर त्या आकड्याभोवती लाल पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद तिथे फाटायला आला होता.

"मॅडम, ०.०५च्या खाली यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मीच कुठेतरी कमी पडले."

ही गोष्ट त्यांनी गाईडना सांगितलीच नव्हती. फोन आला की उचलायच्या नाहीत, नंतर "सासूबाईंचं आजारपण आहे सर" असा मेसेज टाकायच्या. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की काम चालू आहे. मला इथे थांबून सांगावंसं वाटतं, की संशोधनातल्या ताणाचं हे सगळ्यात नेहमीचं रूप आहे. निकालाची भीती वाटते म्हणून माणूस गाईडला टाळतो, टाळल्यामुळे भीती खरीच असल्यासारखी वाढते, आणि काही महिन्यांनी मूळ अडचण बाजूला राहून "आता सरांना तोंड कसं दाखवू" हाच मोठा प्रश्न होऊन बसतो.

आम्ही पहिल्यांदा संशोधनाबद्दल बोललोच नाही. झोप, जेवण, रात्री लॅपटॉप किती वाजता बंद करायचा, एवढंच ठरवलं. नंतरच्या भेटीत एक कोरा कागद मधोमध दुमडला. डाव्या बाजूला फक्त जे घडलं ते लिहायचं आणि उजव्या बाजूला मनाने त्यात काय भर घातली ते. डावीकडे त्यांनी एकच वाक्य लिहिलं: "माझ्या नमुन्यात दोन गटांच्या थकबाकीत लक्षणीय फरक आढळला नाही." उजवी बाजू मात्र भरून वाहिली. मला संशोधन जमत नाही. परीक्षक हसतील. कॉलेजात सगळ्यांना कळेल. मुलीच्या बारावीच्या वर्षात मी नसते उद्योग केले. दोन्ही बाजू वाचून झाल्यावर त्या बराच वेळ डावीकडचं वाक्य बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे वाक्य प्रबंधात तसंच्या तसं लिहिता येईल की."

येईल, आणि तेच लिहायचं असतं. गृहीतक स्वीकारलं गेलं तरच पीएचडी द्यावी, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत कुठेही नाही. परीक्षक पाहतात ते प्रश्न नेमका आहे का, पद्धत त्या प्रश्नाला साजेशी आहे का, आकडे खरे आहेत का आणि त्यांतून जेवढं निघतं तेवढंच म्हटलं आहे का. फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाहीच असाही होत नाही. नमुना लहान असेल किंवा मोजमाप ढोबळ असेल तर असलेला फरकही हाती लागत नाही. म्हणून गाईड आणि संख्याशास्त्राचा जाणकार यांच्याबरोबर बसून ते तपासायचं आणि मर्यादांच्या प्रकरणात मोकळेपणाने लिहायचं.

मी त्यांना विचारलं, "हॉथॉर्नचे प्रयोग तुम्ही शिकवता ना?"

"दर वर्षी. एफवायला."

"पहिला प्रयोग काय दाखवायला केला होता?"

उत्तर त्यांना पाठ होतं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ साली उजेड वाढवला की उत्पादन वाढतं का, हे बघायला प्रयोग सुरू झाले. पण उजेड आणि उत्पादन यांचा सरळ संबंध काही लागेना. उजेड कमी केला तरी काही वेळा उत्पादन वाढलंच. तेव्हा संशोधकांनी विश्रांतीची वेळ, गटातले संबंध, देखरेखीची पद्धत या गोष्टींकडे मोर्चा वळवला. त्या प्रयोगांच्या अर्थाबद्दल पुढे अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले, पण व्यवस्थापनाच्या अभ्यासात मानवी संबंधांचा विचार रुजला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. सांगता सांगता त्या मधेच थांबल्या. "म्हणजे त्यांचंही सुरुवातीचं गृहीतक सिद्ध झालं नव्हतं." इतकी वर्षं वर्गात शिकवलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला लावून पाहिली होती.

अलीकडचं उदाहरणही आहे. 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च' या नामवंत नियतकालिकाने २०१७च्या आपल्या परिषदेसाठी वेगळी पद्धत वापरली. संशोधकांनी आधी फक्त प्रश्न आणि पद्धतीचा आराखडा पाठवायचा. आराखडा पक्का ठरला की तो प्रामाणिकपणे पार पाडल्यावर निकाल काहीही आला तरी लेख छापायचा. त्या लेखांमधले बहुतेक अंदाज आकड्यांनी उचलून धरले नाहीत, आणि २०१८मध्ये ते लेख छापले गेले. जगातले उत्तम प्रशिक्षित संशोधक मन लावून अंदाज बांधतात तेव्हाही असं होतं, हे तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या प्राध्यापिकेला कुणीतरी सांगायला हवं.

यानंतरच्या भेटीत खरी अडलेली गोष्ट बाहेर आली. प्रबंधाचं टायपिंग आणि विश्लेषण करून देणाऱ्या एका माणसाने त्यांना सुचवलं होतं, "मॅडम, दहा-बारा संस्थांचे आकडे थोडे इकडेतिकडे केले की सिग्निफिकंट येईल. सगळेच करतात." पैसे किती तेही सांगितलं होतं. त्यांनी पैसे दिले नव्हते, पण नाहीही म्हटलं नव्हतं. "मी विचार केला मॅडम," हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "मी ऑडिट शिकवते आणि मी असा विचार केला."

झोप उडाली होती ती यामुळे. आकडा ही वरवरची गोष्ट होती. मी त्यांना म्हटलं, मोह होणं आणि तसं करणं यांत फार मोठं अंतर आहे आणि तुम्ही अजून अलीकडच्या बाजूला उभ्या आहात. थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला कुणी सोपी वाट दाखवली तर मन त्या दिशेला जातंच. पण त्या वाटेने गेल्यावर काय होतं तेही मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

अमेरिकेतल्या बेंटली विद्यापीठात जेम्स हंटन नावाचे अकाउंटिंगचे नावाजलेले प्राध्यापक होते. लेखापरीक्षकांनी घोटाळे शोधण्यासाठी एकत्र बसून विचार कसा करावा, यावरचा त्यांचा एक लेख २०१० साली 'द अकाउंटिंग रिव्ह्यू'मध्ये आला. एका बड्या ऑडिट फर्मच्या १५० कार्यालयांमधून माहिती घेतल्याचं त्यात म्हटलं होतं. वाचकांनी विचारलं, इतकी कार्यालयं अमेरिकेत आहेत कुठल्या फर्मची? समाधानकारक उत्तर आलं नाही. गोपनीयतेचा करार आहे असं सांगून मूळ माहिती दाखवली गेली नाही. २०१२मध्ये लेख मागे घेतला गेला, हंटन यांनी विद्यापीठ सोडलं, आणि २०१४मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत माहिती बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला. नंतर त्यांचे तीसहून अधिक लेख मागे घेतले गेले. त्यांत सहलेखकांची नावं होती, ज्यांनी त्या माहितीवर विश्वास ठेवला होता त्यांची. फसवणूक शोधण्यावरचं संशोधन आणि माहितीच खोटी. या प्रकरणाचं मला आजही मनापासून वाईट वाटतं, कारण लेखापरीक्षणाचा सगळा डोलारा आकड्यांवरच्या विश्वासावर उभा असतो.

त्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते आम्ही तिथेच ठरवलं. "मला आकडे आहेत तसेच ठेवायचे आहेत. तुम्ही फक्त टायपिंग करा." माझ्यासमोरच त्यांनी मेसेज पाठवला.

मग मी विचारलं, "आकडे सोडा. पतसंस्थांमध्ये तुम्हाला दिसलं काय?" त्यांनी पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक भेटीनंतर एसटीची वाट बघताना केलेल्या नोंदी. एका संस्थेत त्यांनी अंतर्गत लेखापरीक्षणाचे मागच्या काही वर्षांचे अहवाल पाहिले होते. मजकूर शब्दशः तोच, बदलली होती फक्त तारीख. दुसरीकडे जो माणूस रोजकीर्द आणि खतावणी लिहीत होता तोच महिनाअखेरीला तपासणी करून सही करत होता. एका सचिवांनी चहा देताना सांगितलं होतं, "लेखापरीक्षक लिहितात बरोबर, पण थकबाकीदार संचालकांच्या घरचाच असला तर अहवाल वाचणार कोण?" सहकार कायद्याच्या कलम १०१खाली थकबाकी वसूल करण्याचा दाखला मिळवण्यासाठी प्रकरणच पाठवायचं नाही, हे मग बैठकीतच ठरतं.

"हे प्रबंधात कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठेच नाही. प्रश्नावलीत रकानाच नव्हता. 'अंतर्गत लेखापरीक्षण होते का? होय / नाही' एवढंच होतं." हे बोलून त्यांनीच कपाळावर हात मारला. होय म्हणणाऱ्या सगळ्या संस्था एका गटात गेल्या होत्या. त्यांत मनापासून तपासणी करणारेही होते आणि तारीख बदलणारेही.

इथे एक सावधगिरी मी बजावून सांगते. निकाल पाहिल्यावर सुचलेलं स्पष्टीकरण हेच आपलं पहिल्यापासूनचं गृहीतक होतं असं लिहायचं नाही. कॉमर्स-मॅनेजमेंटच्या प्रबंधांत हे सर्रास होतं आणि तेही वाचणाऱ्याची दिशाभूलच करतं. मूळ गृहीतक होतं तसं ठेवायचं, निकाल होता तसा ठेवायचा, आणि वहीतल्या नोंदी चर्चेच्या प्रकरणात "क्षेत्रभेटीत केलेली निरीक्षणं" म्हणून द्यायच्या, संस्थेची ओळख न उघड करता. त्यावर नवा अभ्यास उभा राहू शकतो. प्रबंधात नेमकं काय घ्यायचं, हे गाईडच ठरवतील. तो माझा प्रांत नाही.

गाईडशी बोलायची तालीम मात्र आम्ही केली. सुरुवातीला त्यांचं वाक्य माफीनेच सुरू व्हायचं. शेवटी ठरलं ते असं: "सर, निकाल माझ्या गृहीतकाच्या बाजूने आलेला नाही. कारण काय असावं याबद्दल माझ्याकडे नोंदी आहेत. तुमचा एक तास हवा आहे." सर आधी रागावले, पण निकालावर नव्हे, दोन महिने फोन न उचलल्यावर. मग वही ठेवून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनीच आठ-दहा संस्थांमध्ये पुन्हा जाऊन सचिवांच्या सविस्तर मुलाखती घ्यायला सांगितलं. म्हणजे काम वाढलं. पण त्या माझ्याकडे आल्या तेव्हा कुठल्या संस्थेत कोण मोकळेपणाने बोलेल याची यादी करत होत्या.

मुदतीची धाकधूक पुष्कळांना असते, म्हणून सांगते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते, पण एकूण दहा वर्षांपलीकडे नाही. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्तीही याच नियमांनी काढली. तरी आपल्या विद्यापीठाचा नियम पीएचडी विभागात जाऊन विचारून घ्यावा. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्यांच्या नादी लागण्याआधी तर नक्कीच.

या प्राध्यापिकांचा प्रबंध आता परीक्षकांकडे गेला आहे, अहवाल यायचे आहेत. ०.४१ हा आकडा तक्त्यात जिथे होता तिथेच आहे.

तुमचीही अवस्था अशी असेल तर गाईडना या आठवड्यात फोन करा, निकाल हाती असो वा नसो. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रबंध बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.